उलटं फिरवायचं नाही

संमेलनवाल्यांनी पाठवलेल्या यादीत नऊ कलमं होती. खोली शांत हवी. उजेड समोरून हवा, पाठीमागून नको. मागची भिंत साधी हवी. इंटरनेट तारेनं जोडलेलं हवं. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर लांब. गुरुवारी दुपारी तालीम, शनिवारी सकाळी अकरा वाजता भाषण, वीस मिनिटं बोलायचं, मग पाच मिनिटं प्रश्न. नववं कलम होतं, 'पाणी जवळ ठेवा आणि मजा करा.' पहिल्या आठ कलमांचं मला काही वाटलं नाही, नवव्याचा मात्र राग आला. मजा काय करा? मी काय सहलीला निघाले होते?

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून टाकते. आमचे हे म्हणतात, तुझ्या नाकावर राग बसलेला असतो, त्याला भाडंही द्यावं लागत नाही. असू दे. राग नसता तर मी तो प्रोग्रॅम लिहिलाच नसता.

मी तयार कपड्यांच्या कारखान्यात, कटिंग विभागात, मांडणी करते. एका कोटाचे बारा-चौदा तुकडे असतात. पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या, कॉलर, खिसे. हे सगळे लांबलचक कापडावर असे बसवायचे की मधे कमीत कमी कापड वाया जावं. मग त्या मांडणीचा कागद कापडाच्या चाळीस थरांवर पसरतात आणि मशीनच्या सुरीनं सगळे थर एकदम कापतात. म्हणजे माझी एक चूक झाली की ती चाळीस वेळा झालेली असते. एकोणतीस वर्षं मी हे काम करते आहे. आधी पुठ्ठ्याचे पॅटर्न टेबलावर हातानं सरकवायचे, मग कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि त्याच्याबरोबर एक विकतचा प्रोग्रॅम आला. तो प्रोग्रॅम इतकं कापड वाया घालवायचा की बघून माझ्या पोटात तुटायचं. तीन वेळा तक्रार केली. तिसऱ्या वेळी कोणीतरी म्हणालं, "मग तुम्हीच लिहा की बाई."

मी लिहिला. शिकवायला कोणी नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत एका हातात घास आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटानं टाइप, असं चार वर्षं चाललं. पहिल्या वर्षी माझ्या प्रोग्रॅमनं बाही कॉलरच्या डोक्यावर बसवली. दुसऱ्या वर्षी तो जरा माणसात आला. चौथ्या वर्षी विकतचा बंद झाला आणि माझा सुरू झाला, त्याची कोणी फारशी दखलही घेतली नाही. आतल्या आज्ञांची नावं मी आमच्या टेबलावरच्या बोलण्यातलीच ठेवली होती. 'सरक_जरा', 'जागा_दे', 'फिरू_नको'. वाचणाऱ्याला हसू येईल, पण मला रात्रीतून उठवून विचारलं तरी कुठली ओळ कशासाठी आहे ते मी सांगेन.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचं मराठीतून एक ऑनलाइन संमेलन भरतं आणि त्यात काम करता करता शिकलेल्यांनाही बोलायला बोलावतात, असं एकदा वाचनात आलं. घरून अर्ज केला. निवड झाल्याची मेल आली तेव्हा ती मी सात वेळा वाचली आणि मग न्हाणीघरात नळ सोडून रडले. आनंदानं रडले.

तर यादी. आमच्या घरात तीन खोल्या आणि त्यांतली एकही शांत नाही. खाली यांचं सुतारकामाचं दुकान, करवत चालली की वर कपाटातल्या बश्या बोलायला लागतात. शेजारच्या खोलीत आमच्या वन्सं. वन्सं म्हणजे यांची मोठी बहीण, तीस वर्षं इस्पितळात वॉर्डाची मोठी सिस्टर होत्या. निवृत्त होऊन आमच्याकडे आल्या, पण वॉर्ड अजून डोक्यातून गेलेला नाही. सकाळी सहाला सगळ्यांच्या पांघरुणाच्या घड्या झालेल्या दिसल्या पाहिजेत.

"शनिवारी दहा ते बारा करवत बंद," मी यांना सांगितलं.

"दहा ते बारा? गिऱ्हाइकाचं कपाट द्यायचंय मला."

"कपाट काय अकरा वाजता पळून जाणार आहे?"

"बरं बाई. रंधा चालेल का?"

"रंधाही नाही. खिळासुद्धा नाही."

"मग मी दोन तास करू काय?"

"वर या आणि मी काय बोलते ते ऐका," मी म्हणाले. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण मी वीस मिनिटं सलग बोलणार आणि यांनी मधे बोलायचं नाही, असा प्रसंग अजून आला नव्हता.

आवाज घुमू नये म्हणून यांनी भिंतींना गोधड्या ठोकून दिल्या. खिडकीतून उजेड समोर यावा म्हणून टेबल फिरवलं, तर त्याचा एक पाय डुगडुगायला लागला, तो नवा बसवला. वन्संनी घड्याळ हातात घेऊन माझी तालीम घेतली. पहिल्या दिवशी मी एकोणचाळीस मिनिटं बोलले.

"अगं, माणसं मरतील," वन्सं म्हणाल्या.

"कुठलं काढू, वन्सं? सगळंच महत्त्वाचं आहे."

"तू कापडाशी बोलतेस. समोर माणसं आहेत असं समज. त्यांना कापडातलं ओ की ठो कळत नाही. एक गोष्ट सांग, पण डोळ्यांना दिसेल अशी सांग."

दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस मिनिटं झाली, तिसऱ्या दिवशी बावीस. इथवर सगळं छान चाललं होतं. मग मी एक मूर्खपणा केला. रजा मागितली.

शनिवारी आमचा कारखाना अर्धा दिवस असतो. पोट दुखतंय म्हणून फोन केला असता तरी चाललं असतं. पण एकोणतीस वर्षांत मी खोटं कारण सांगून रजा घेतली नव्हती आणि चांगल्या कामासाठी खोटं का बोलायचं, असं मला वाटलं. मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं.

मोठे साहेब, म्हणजे मालक, उठून उभे राहिले. "अहो बाई, अभिनंदन! कारखान्याचं नाव झालं!"

"कारखान्याचं नाव नाही साहेब, अर्ज माझा आहे."

"प्रोग्रॅम कुठल्या कॉम्प्युटरवर लिहिलात?"

"इथल्याच."

"मग?"

"जेवणाच्या सुट्टीत लिहिला."

"कॉम्प्युटरला जेवणाची सुट्टी नसते बाई," साहेब म्हणाले आणि त्यांनी पुतण्याला हाक मारली.

पुतण्या म्हणजे छोटे साहेब. मोठ्या पदव्या घेऊन दोन वर्षांपूर्वी आले. कटिंग विभागात त्यांचं नाव 'सुधारणा' असं पडलंय, कारण ते दिसेल ते सुधारतात. त्यांनी पिण्याच्या पाण्याची जागा सुधारली, तेव्हापासून पाणी प्यायला जिना चढावा लागतो. माणूस वाईट नाही, आवाज चढवत नाही, सगळ्यांना 'प्लीज' म्हणतो. पण हाताला न लागलेली गोष्ट डोक्याला कळली आहे असं त्याला खरोखर वाटतं.

दोघांनी पाच मिनिटांत ठरवून टाकलं. भाषण छोटे साहेब करणार. "जगभरातले इंजिनीअर असतात तिथे, काहीही विचारतील. तुमची अडचण होईल," मोठे साहेब म्हणाले. "तुम्ही शेजारी बसा. कपड्याबद्दल काही विचारलं तर सांगा."

आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. नागोबा बिळातल्या उंदरालाच 'शेजारी बस' म्हणतो, हे मात्र पहिल्यांदाच ऐकलं.

"नाही," मी म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. मी लिहिलाय, मी बोलणार."

मोठे साहेब हसले. लहान मुलाच्या हट्टाला हसतात तसे हसले आणि त्यांनी त्याच दुपारी संमेलनवाल्यांना मेल करून टाकली की वक्ता बदलला आहे. ते मला संध्याकाळी कळलं, कारण संमेलनवाल्यांची मला मेल आली. तालीम घेणाऱ्या मुलीनं लिहिलं होतं की आमच्याकडे एकाच भाषणासाठी दोन नावं आली आहेत, दोघांनीही गुरुवारी तीन वाजता तालमीला हजर राहा, कोण बोलणार ते तिथेच ठरवू. न ठरल्यास ही वेळ राखीव वक्त्याला देण्यात येईल.

गुरुवार कामाचा दिवस, त्यामुळे तालीम मोठ्या साहेबांच्या केबिनमधूनच करावी लागली. ही केबिन माडीवर आहे आणि तिच्या काचेतून खालचा सगळा विभाग दिसतो. छोट्या साहेबांचा लॅपटॉप मधे, त्यांच्या एका बाजूला मोठे साहेब, दुसऱ्या बाजूला मी. पडद्यावर ती मुलगी आली. केस आखूड, कानात मोठे हेडफोन, बोलणं चटचट.

"आधी आवाज तपासू. मग पहिली पाच मिनिटं करून दाखवा. कोण सुरू करतंय?"

मी तोंड उघडेपर्यंत छोट्या साहेबांनी पडद्यावर पहिलं पान आणलं होतं. वर त्यांचं नाव मोठ्या अक्षरात. खाली बारीक अक्षरात, 'साहाय्य: कटिंग विभाग'. म्हणजे मी.

छोटे साहेब बोलायला लागले. बरं बोलत होते, खोटं कशाला बोला. माझ्या प्रोग्रॅमातली 'सरक_जरा' आणि 'जागा_दे' ही नावं त्यांनी काढून टाकली होती आणि त्या जागी अशी नावं घातली होती की मला माझंच पोर ओळखू येईना. तेही मी गिळलं. मग ते म्हणाले, "मूळ प्रोग्रॅममध्ये एक अनावश्यक बंधन होतं. कुठलाही तुकडा उलटा फिरवायचा नाही, असं. स्वतः शिकलेल्या माणसांची अशी चूक होते. मी ते बंधन काढलं. तुकडे दोन्हीकडे तोंड करून बसायला लागले आणि चार टक्के जास्त कापड वाचलं. आज सकाळपासून आम्ही हीच सुधारित आवृत्ती वापरतो आहोत."

मुलगी म्हणाली, "छान. पण मूळ लेखिकेनं ते बंधन का घातलं होतं?"

"सवय," छोटे साहेब म्हणाले.

"आज सकाळपासून? कुठल्या कापडावर?" मी विचारलं.

"जे टेबलावर आहे त्यावर. आजची मांडणी मीच काढली."

मी काचेतून खाली पाहिलं. टेबलावर तपकिरी कॉर्डरॉय होतं.

कॉर्डरॉयला, मखमलीला लव असते. मांजराच्या पाठीवरून हात फिरवून पाहा, एकीकडून मऊ लागतं आणि दुसरीकडून केस उभे राहतात. या कापडाचं तसंच. लव खाली करून धरलं तर रंग फिका दिसतो, वर करून धरलं तर गडद. म्हणून कोटाचे सगळे तुकडे एकाच दिशेला डोकं करून कापायचे. एकही तुकडा उलटा फिरला की कोटाचा डावा भाग एका रंगाचा आणि उजवा दुसऱ्या. 'फिरू_नको' ही ओळ मी त्यासाठी घातली होती. शिंप्याकडे आठवडाभर बटणं लावलेल्यालाही हे ठाऊक असतं. कॉम्प्युटरच्या पुस्तकात ते लिहिलेलं नसतं आणि छोट्या साहेबांनी कॉर्डरॉयला कधी हात लावला नव्हता.

खाली मशीनवरच्या कटरदादांनी सुरी सुरू केली होती. त्यांनी कागदावरची मांडणी बघितली नाही, कारण माझा प्रोग्रॅम सुरू झाल्यापासून माझ्या मांडणीत चूक निघाली नव्हती. माझ्यावर विश्वास ठेवून ते कापत होते. कानांवर मशीनचा आवाज अडवायच्या टोप्या, म्हणजे वरून बोंब ठोकली तरी ऐकू जाणार नाही.

आता खरं सांगते. एक क्षण माझ्या मनात आलं, कापू दे. चाळीस थर कापू दे. चाळीस दुरंगी कोट मोठ्या साहेबांच्या गळ्यात पडू दे, म्हणजे कळेल सवय कशाला म्हणतात. मी खाली गेले असते तर ही खुर्ची छोट्या साहेबांची झाली असती, कारण उठून गेलेल्या बाईला कोण भाषण देणार? आणि वर बसले असते तर कापड गेलं असतं. मला दोन्ही नको होतं.

मी लॅपटॉप उचलला. तसाच, उघडा, त्याची तार उपटून, आतली मुलगी 'हॅलो, हॅलो' म्हणत असताना.

"बाई! काय करताय?" मोठे साहेब ओरडले.

"तालीम," मी म्हणाले आणि जिना उतरायला लागले.

जिन्यात चित्र दोनदा अडकलं, पण खाली टेबलापाशी पुन्हा नीट झालं. मी आधी भिंतीवरचं मशीनचं बटण बंद केलं. कटरदादांनी दचकून कानावरच्या टोप्या काढल्या. "काय झालं, ताई?"

"किती कापलं, दादा?"

"पुढचे दोन्ही भाग झाले. पाठ आता घेत होतो."

मी वरच्या थरातला एक डावा भाग उचलला, एक उजवा उचलला आणि दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले. लॅपटॉपचं तोंड त्यांच्याकडे केलं.

"दिसतंय का?" मी मुलीला विचारलं.

"दिसतंय. एक गडद आहे आणि एक फिका."

"दोन्ही एकाच ताग्यातले. एकाच थरातले."

"शक्य नाही."

"बघा आता." मी फिका तुकडा उचलला आणि वरचं टोक खाली येईल असा फिरवून ठेवला. दोन्ही तुकडे एका रंगाचे झाले. पडद्यावरच्या मुलीनं कानातले हेडफोन काढले आणि ती पडद्याच्या जवळ आली. "पुन्हा करा," ती म्हणाली. मी पुन्हा केलं. मग एवढंच सांगितलं की कोटाचा खांदा काही खाली लावता येत नाही, म्हणून तुकडा उलटा कापायचा नाही आणि म्हणून ती ओळ आहे.

तोवर छोटे साहेब धापा टाकत आले होते. "उजेडाचा परिणाम आहे," ते म्हणाले.

कटरदादा एरवी दिवसभरात दहा वाक्यं बोलत नाहीत. त्यांनी दोन्ही तुकड्यांकडे पाहिलं, वर दिव्याकडे पाहिलं. "छोटे साहेब, दिवा एकच आहे," ते म्हणाले.

मुलगी हसली नाही. मला वाटलं होतं हसेल. "बाई," ती म्हणाली, "शनिवारी हे असंच दाखवाल?"

"मी?"

"तुमच्याशिवाय कोण दाखवणार? मी तुमचं नाव पक्कं करते." आणि तिनं माझ्यादेखत काहीतरी टाइप केलं.

मला नाचावंसं वाटत होतं. पण समोर कापलेलं कॉर्डरॉय पडलं होतं आणि त्याचा काही गुन्हा नव्हता. मी पुठ्ठ्याचे जुने पॅटर्न काढायला लावले. उलटे कापले गेलेले भाग लहान मुलांच्या जाकिटांना बसत होते, थरांत आणि ताग्यात उरलेल्या कापडावर पाठी, बाह्या आणि नवे पुढचे भाग हातानं बसवले. सहा वाजेपर्यंत कटरदादा आणि मी मान वर केली नाही. मोठे साहेब दोनदा येऊन बघून गेले. शेवटी टोपल्यात टाकायला चार वीत कापडही निघालं नाही. मला वाटलं, आता तरी हा माणूस 'बरं झालं बाई' म्हणेल.

केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "कापड वाचवलंत, त्याबद्दल आभार. पण बाहेरच्या मुलीसमोर कारखान्याची अब्रू घालवलीत. माझ्या पुतण्याला उघडं पाडलंत."

"मी कापड दाखवलं, साहेब."

"शनिवारी जगासमोर दाखवणार आहात. ते होणार नाही. शनिवारी बोललात तर सोमवारपासून येऊ नका."

एवढं सरळ ते कधी बोलले नव्हते. चोपन्नाव्या वर्षी मला कोण नवीन टेबल देणार? आणि मला दुसरं टेबल नकोच होतं. त्या टेबलाची कड माझ्या पोटाला लागून लागून गुळगुळीत झाली आहे. साहेबांना माझा चेहरा वाचता आला असावा, कारण शुक्रवारी त्यांनी आवाज मऊ केला. बोला म्हणाले, पण निम्मं-निम्मं. छोटे साहेब शेजारी बसतील, सुरुवात ते करतील. 'त्यांच्या मार्गदर्शनाखाली' एवढे शब्द तुम्ही घाला. आणि कॉर्डरॉयचा विषय नको. मी विचार करून सांगते म्हणाले. असं म्हणाल्याचाही मला नंतर राग आला.

संध्याकाळी यांना सांगितलं. यांनी पेन्सिल कानावर ठेवली. "मला विचारू नकोस."

"का? नवरा ना तुम्ही?"

"म्हणूनच. बोल म्हणालो आणि नोकरी गेली तर जन्मभर ऐकवशील. बोलू नको म्हणालो तर त्याहून जास्त ऐकवशील."

हे खरं होतं, म्हणून मी जास्तच चिडले. वन्सं पलंगावर बसून चादरीच्या घड्या घालत होत्या. त्यांनी घडी घालता घालता बोलायला सुरुवात केली, माझ्याकडे न बघता.

"मी तीस वर्षं डॉक्टरांच्या चुका त्यांच्या मागून निस्तरल्या. औषध चुकीचं लिहिलंय, मी हळूच जाऊन बदलून आणायचे. राऊंडला मोठे डॉक्टर त्यांनाच शाबासकी द्यायचे, मी हातात ट्रे घेऊन उभी. एकदाही बोलले नाही. शहाणपण वाटायचं ते."

"मग?"

"मग काय? आता सत्तरी आली. त्यांतल्या एकालाही माझं नाव आठवत नसेल आणि मला त्यांच्या सगळ्या चुका पाठ आहेत. काय करू मी त्यांचं?" त्यांचा आवाज फुटला. एकतीस वर्षांत मी वन्संना रडताना पाहिलं नव्हतं. मी जाऊन त्यांच्याजवळ बसले, पण त्यांनी मला कोपरानं ढकललं. "जा, तालीम कर. बावीसची वीस झाली पाहिजेत."

कॉर्डरॉय ठेवून बाकीचं कापलं. एकोणीस मिनिटं झाली.

शनिवारी दहा वाजता करवत थांबली आणि घर इतकं शांत झालं की मलाच चुकल्यासारखं वाटलं. हे दाढी करून, धुतलेला शर्ट घालून शेजारच्या खोलीत वन्संच्या फोनसमोर ऐकायला बसले. वन्संनी जिन्यात जाऊन शेजारच्या बिऱ्हाडाला काय सांगितलं माहीत नाही, पण त्यांचा रेडिओही बंद झाला. मी टेबलापाशी बसले, पुढ्यात टोपल्यातून आणलेल्या कॉर्डरॉयच्या दोन चिंध्या. उजेड समोरून, मायक्रोफोन वीतभर लांब. तालमीवाली मुलगी पडद्यावर आली, आवाज आणि चित्र छान आहे म्हणाली, अकराला सात मिनिटं आहेत म्हणाली. पडद्याच्या कोपऱ्यात ऐकणाऱ्यांचा आकडा वाढत होता. चारशे, साडेचारशे. मी पाण्याचा घोट घेतला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मोठे साहेब.

"बाई, अजून वेळ आहे. छोटे साहेब तुमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडीत बसलेत. दोन मिनिटांत वर येतील. नुसतं शेजारी बसू द्या."

"इथे एकच खुर्ची आहे, साहेब."

"ते उभे राहतील."

"नको. चित्रात दोन माणसं दिसली की लोकांना वाटतं काम दोघांनी केलंय."

साहेबांचा आवाज बदलला. "सोमवारचं लक्षात आहे ना?"

"आहे. सोमवारी आठ वाजता मी टेबलापाशी असेन. काढायचं असेल तर केबिनमध्ये बोलावून काढायचं नाही. खाली या. सगळा विभाग असतो आठला. बाईला कशासाठी काढतोय, ते त्यांच्यासमोर मोठ्यानं सांगा. कॉर्डरॉयपासून सुरू करा, मधलं काही गाळू नका. मी उभी राहून ऐकून घेईन."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि छोट्या साहेबांना सांगा, गाडीत बसून ऐकता येईल. सगळ्यांना खुलं आहे. शेवटी पाच मिनिटं प्रश्न आहेत, त्यांनीही विचारावा. मी उत्तर देईन."

मी फोन बंद केला. मुलगी म्हणाली, "तयार?" चारशे ब्याण्णव माणसं होती. मी मायक्रोफोन सुरू केला.

"नमस्कार," मी म्हणाले. "हा प्रोग्रॅम मी लिहिलाय. एकटीनं."